पाळक आणि पुढारी : महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासाचा एक धडा

विषयाचे नाव पाहून आपल्यापैकी काहींच्या मनात असा प्रश्न आला असेल की, नेकनूरसारख्या गावी, जेथे भागवत धर्माची पताका पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या खांद्यावर आहे, तेथे ख्रिस्ती मंडळीच्या नेतृत्वाची चर्चा कशासाठी? प्रश्न रास्त आहे; आणि त्याचे उत्तर ह्याच गावाच्या नावाशी जोडलेल्या एका गोष्टीत सापडते. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली आणि तीनच वर्षांनी, १९२० साली, ते निवर्तले. संस्थापक गेला, पण संस्था उभी राहिली. कारण आपल्या हयातीतच त्यांनी माणसे तयार करून ठेवली होती. त्या शिष्यमंडळात तुमच्या नेकनूरचे बंकटस्वामी होते, हे मी आपणांस सांगावयास नको. धर्मसंस्थेतील पुढाऱ्याचा कस कोठे लागतो, हे ज्या गावास इतक्या जवळून ठाऊक आहे, त्या गावी हाच प्रश्न दुसऱ्या एका समाजाच्या इतिहासातून पाहणे अप्रस्तुत ठरू नये, असे मला वाटते.

प्रथम एक शब्द स्पष्ट करून घेऊ. मराठी ख्रिस्ती समाजात उपासकांच्या समुदायास ‘मंडळी’ म्हणतात आणि तिच्या धर्मगुरूस ‘पाळक’ म्हणतात. हा शब्द मेंढपाळावरून आलेला आहे. आता राजाजवळ फौज असते, सावकाराजवळ खतपत्र असते, सरकारी अंमलदाराजवळ हुकूम असतो. पाळकाजवळ ह्यांपैकी काहीच नसते. जो मनुष्य आज उपासनेस आला, तो उद्या न आला तर त्याला ओढून आणण्याची सोय नाही. म्हणजे हे नेतृत्व केवळ माणसांच्या विश्वासावर चालावयाचे. ख्रिस्ताची शिकवणही अशीच आहे की, ज्याला पहिला व्हावयाचे असेल त्याने सर्वांचा सेवक व्हावे. शिकवण फार सोपी दिसते. पण महाराष्ट्रात ती आचरणात आणताना किती गुंतागुंत झाली, हेच आज आपणांस पाहावयाचे आहे.

१८३१ च्या डिसेंबरात अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, येऊन राहिले. त्यांच्याबरोबर बाबाजी नावाचे एक ख्रिस्ती झालेले ब्राह्मण गृहस्थ होते. त्यांना आयुष्य फार लाभले नाही. १८३३ मध्ये ते पटकीने गेले. पुढे मिशनचे काम वाढत गेले. १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक तेथून निघू लागले. सिंथिया फेरार ह्या बाईंची मुलींची शाळा नगरास चालू होती; जोतीराव फुले यांनी १८४८ च्या सुमारास ती पाहिली आणि पुण्यात मुलींची शाळा काढली, हे सर्वश्रुत आहे. काम मोठे होते यात शंका नाही. परंतु त्या कामाच्या पोटात एक अडचण पहिल्या दिवसापासून दडलेली होती. पैसा परदेशातून येत असे. तो मिशनरी साहेबांच्या हाती असे. शाळेचा शिक्षक, खेड्यापाड्यांतून फिरणारा उपदेशक, हे त्या पैशावर नेमलेले पगारी लोक. मग मंडळीचा पुढारी कोण? पगार देणारा की उपदेश करणारा? आणि ज्याची भाकरी दुसऱ्याच्या हाती, त्याच्या शब्दाला मंडळीत वजन कितपत येणार? पुढील शंभर वर्षांचा इतिहास ह्या एका प्रश्नाभोवती फिरतो.

ह्या प्रश्नाचे पहिले मोठे उत्तर आपल्या मराठवाड्यात, शेजारच्या जालन्यास शोधले गेले. नारायण शेषाद्री हा मुंबईत मिशनच्या शाळेत शिकलेला ब्राह्मण तरुण १८४३ साली ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत त्याच्या मागोमाग मिशनऱ्यांकडे गेला, तेव्हा मुंबईत मोठा गहजब उडाला. श्रीपत अज्ञान असल्याने न्यायालयाने त्याला बापाच्या स्वाधीन केले. बाळशास्त्री जांभेकरांनी ह्या मुलास प्रायश्चित्त देऊन पुन्हा जातीत घ्यावे म्हणून खटपट केली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. त्या प्रकरणात आपल्याकडील इतिहासकारांचे लक्ष स्वाभाविकपणे श्रीपतीकडे आणि बाळशास्त्र्यांकडे जाते. थोरल्या भावाचे पुढे काय झाले, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही.

थोरला भाऊ पाळक झाला आणि एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात जालन्यास येऊन राहिला. हा सारा मुलूख तेव्हा निजामाचा. शेषाद्रींनी आपले काम मांडले ते मुख्यतः मांग आणि महार कुटुंबांत. ज्यांची सावली टाळावी असे ज्या घरात लहानपणी शिकवीत, त्याच घरातला हा मनुष्य. परंतु त्यांचा मोठेपणा एवढ्यावरच संपत नाही. बाप्तिस्मा घेतलेल्या महारामांगांचे गावात पुढे काय होते, हे त्यांनी ओळखले. गावगाड्यात त्याचे पोट बलुत्यावर. बलुते गावाच्या मर्जीवर. आणि धर्म बदलला की मर्जी फिरली. नुसत्या उपदेशाने अशा माणसाची भूक भागत नाही. म्हणून त्यांनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळविली आणि जालन्याजवळ एक नवे गाव वसविले. त्याचे नाव ‘बेथेल’. इब्री भाषेत ह्याचा अर्थ देवाचे घर असा होतो. प्रार्थनामंदिराच्या बरोबरीने तेथे शाळा आली, शेती आली. मुसलमान दिवाणाने दिलेली जमीन, ब्राह्मण कुळात जन्मलेला ख्रिस्ती पाळक आणि अस्पृश्य मानलेले रहिवासी, असे हे गाव होते. १८७३ साली हेच नारायण शेषाद्री न्यूयॉर्कला जागतिक ख्रिस्ती परिषदेस गेले आणि तेथे त्यांनी आपल्या कामाची हकीकत सांगितली.

पुढाऱ्याचा पहिला गुण येथे दिसतो. ज्यांचे नेतृत्व करावयाचे त्यांच्या पोटाचा प्रश्न त्याने आपला मानला पाहिजे. परंतु, श्रोतेहो, इतिहास वाचताना गौरवाबरोबर धोकाही पाहावा लागतो. ज्या वस्तीत जमीन, शाळा आणि मंदिर ह्या तिन्हींचा सूत्रधार एकच असतो, तेथे लोकांचे प्रेम कोठे संपते आणि अवलंबन कोठे सुरू होते, हे सांगणे कठीण होऊन बसते. चांगला संस्थापक लोकांना आधार देतो. आणि तोच आधार पुढे त्यांची सवय होतो. हा दोष शेषाद्रींचा म्हणून मी सांगत नाही. अशा प्रकारच्या प्रत्येक कामाच्या वाट्यास येणारा हा धोका आहे.

इकडे नगरास ह्याच धोक्याचा विचार दुसऱ्या बाजूने चालला होता. अमेरिकन मिशनच्या मातृसंस्थेचे चिटणीस रूफस अँडरसन हे बोस्टनहून १८५४ साली पश्चिम हिंदुस्थानात पाहणीसाठी आले. त्यांचे मत असे की, कोणत्याही देशातील मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःचा खर्च स्वतः भागवावा आणि स्वतःचा प्रसार स्वतः करावा. हे साधले की मिशनऱ्याने निघून जावे. त्याच वर्षी नगरास हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक ह्या दोघांना पाळकपदाची दीक्षा देण्यात आली. गोऱ्या मिशनऱ्याचा साहाय्यक म्हणून नव्हे, तर स्वतंत्र मंडळीचा पाळक म्हणून मराठी माणूस उभा राहिला. स्वराज्य हा शब्द राजकारणात रूढ होण्याच्या कितीतरी आधी एका लहानशा समाजात हा प्रयोग सुरू झाला होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

तथापि ह्या प्रयोगातही एक विसंगती होती. अँडरसन यांच्या धोरणाप्रमाणे मिशनने देशी भाषेवर भर दिला आणि इंग्रजी शिक्षणाला कात्री लावली. हेतू असा की, पाळक आपल्या लोकांपासून तुटू नये. हेतू चांगला; पण परिणाम काय? ज्या मंडळीने उद्या आपला कारभार आपण करावयाचा, तिच्या मुलांना त्या काळी कारभाराची, कायद्याची आणि जगाच्या व्यवहाराची जी भाषा होती, तीच शिकावयास मिळेना. जबाबदारी द्यावयाची आणि तिच्यासाठी लागणारी विद्या रोखून धरावयाची, ह्याला तयारी म्हणत नाहीत. पुढे मिशनला हे धोरण सैल करावे लागले आणि नगरास पुन्हा इंग्रजी शाळा उभी राहिली. अधिकार आणि शिक्षण ही दोन्ही एकाच हाताने एकाच वेळी द्यावी लागतात, हा ह्यातला बोध आहे. तो आपल्या ग्रामपंचायतींनाही लागू पडतो.

आता मी अशा एका व्यक्तीकडे वळतो की, जिला कोणी कधी पाळकपदाची दीक्षा दिली नाही, आणि तरी जिच्याइतके नेतृत्व फार थोड्या पाळकांनी केले. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे ख्रिस्ती झाल्या. पुढे चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात त्या असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे की काय, असा प्रश्न निघाला. मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी त्याला हरकत घेतली. रमाबाईंनी त्यावर जी पत्रे लिहिली त्यांचा आशय असा की, मोठ्या कष्टाने आपण एका दास्यातून सुटलो आहोत. आता सदसद्विवेकबुद्धी दुसऱ्याच्या हाती देणार नाही. धर्म नवा, देश परका, पोशिंदे तेच, आणि वय पंचविशीच्या आसपास. अशा स्थितीत हे लिहिण्यास केवढे धैर्य लागले असेल!

१८८९ साली त्यांनी मुंबईस शारदासदन काढले व पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार होती. १८९३ साली वाद पेटला. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील असा लोकांचा समज होता. मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो असा आक्षेप आला. सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. ह्या वादात टीकाकारांचे म्हणणे सर्वस्वी पोकळ होते असे म्हणता येणार नाही. ज्या विश्वासावर पालकांनी मुली धाडल्या, त्या विश्वासाचा तो प्रश्न होता. आणि नेतृत्वाच्या दृष्टीने पाहता, आपल्या संस्थेची सीमा आरंभीच निःसंदिग्ध न आखल्याची किंमत रमाबाईंना मोजावी लागली, असेच म्हणावे लागते.

परंतु ज्याने किंमत मोजली तो पुढे काय करतो, यावरून त्याची पारख होते. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि उपासमारीने मरणाच्या दारी बसलेल्या शेकडो मुली व बायका घेऊन परतल्या. पुण्याजवळ केडगाव येथे ‘मुक्ती’ उभे राहिले. पुढे १९०० च्या गुजराथेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या माणसांना नुसते दान देऊन जगविता आले नसते. मुक्तीत शेती होती, विणकाम होते, छापखाना होता. आंधळ्या मुलींना उठावाच्या अक्षरांची लिपी शिकविण्याची सोय होती. जी मुलगी आज वाचविली, ती उद्या दुसरीला शिकवू लागे. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे साध्या मराठीत भाषांतर केले, आणि ते जुळविण्याछापण्याचे काम मुक्तीच्या बायकांनी केले. ज्या हातांना दुष्काळात भिक्षेशिवाय काही मागता येत नव्हते, त्याच हातांनी हे केले. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. त्यांची कन्या मनोरमा, जिच्या खांद्यावर काम सोपवावयाचे, ती १९२१ सालीच वारली होती. वारस गेला, संस्थापिका गेली, तरी केडगावचे काम चालू राहिले. वारसा रक्ताचा असावा लागत नाही. कामात वाढलेल्या माणसांचा असावा लागतो.

रमाबाईंप्रमाणेच दुसरे नाव सर्व मराठी लोकांच्या परिचयाचे आहे, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे. कवी म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण मंडळीचा पुढारी म्हणून त्यांचे वेगळेपण दोन गोष्टींत आहे. पहिली गोष्ट घरातली. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई झाल्या १९०० साली. मधली पाच वर्षे! एवढा उतावळा, तापट म्हणून प्रसिद्ध असलेला हा मनुष्य. पण पत्नीच्या मनाचा निर्णय पत्नीच्या मनातच व्हावा म्हणून त्याला थांबावे लागले, आणि तो थांबला. लक्ष्मीबाईंच्या मनातील सोवळेओवळे कसे गळून पडले, हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त स्वतःच सांगितले आहे. ज्याला घरात थांबता येत नाही, त्याने मंडळीत घाई करू नये.

दुसरी गोष्ट भाषेची आणि पैशाची. मंडळीत त्या काळी पुष्कळशी गीते परदेशी चालींवर बसविलेली होती. कृष्णराव सांगळे यांनी कीर्तनाचा प्रकार ख्रिस्ती उपदेशात आणून वाट पाडलीच होती. टिळकांनी अभंग आणि ओवी मंडळीच्या ओठांवर आणली. तुकारामांचा अभंग ज्या समाजाच्या कानात शतकानुशतके भरला आहे, त्याने देवाशी बोलावयाचे ते परक्या छंदात का, असा त्यांचा सरळ सवाल होता. हीच विचारसरणी पुढे नेऊन १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, साताऱ्यास बिऱ्हाड हलविले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तेथे एकत्र यावेत, अशी ती कल्पना होती. पगार सोडला तेव्हा टिळक पंचावन्न वर्षांचे होते व प्रकृती खालावलेली होती. दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी, ते मुंबईस निवर्तले.

ह्यानंतर जे झाले ते मोठे बोधप्रद आहे. देवाचा दरबार टिळकांच्या मागे त्या जोमाने चालला नाही. तो त्यांच्या तेजावर उभा होता आणि दुसरी माणसे तयार होण्यास अवधीच मिळाला नव्हता. त्यांची गीते मात्र आजही मराठी मंडळ्यांत म्हटली जातात. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. ज्या बाईला लिहितावाचता करण्यापासून आरंभ, तिने मराठीतील एक थोर आत्मचरित्र लिहिले. म्हणजे टिळकांनी जी संस्था म्हणून उभारली ती विरली. आणि जे दुसऱ्यांच्या कंठात व हातात ठेवले, ते उरले. एकाच पुढाऱ्याच्या आयुष्यात हा फरक इतका स्पष्ट दिसण्याचे उदाहरण दुर्मीळ आहे.

टिळकांनी जो प्रश्न साताऱ्यास कृतीने विचारला, तोच थोड्या आधी जगापुढे मांडला गेला होता. १९१० साली एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरैया ह्या तरुण दक्षिणी पाळकाने भरसभेत सांगितले की, मिशनऱ्यांनी आम्हांस पुष्कळ दिले. आता आम्हांस मैत्री द्या. दान देणारा आणि घेणारा यांत मैत्री होत नाही. ती बरोबरीच्यांत होते, हे त्यातील मर्म होते. १९१२ साली अझरैया डोर्नकलचे बिशप झाले. अँग्लिकन पंथातले ते पहिले हिंदी बिशप. आणि डोर्नकल निजामाच्याच राज्यात, म्हणजे बीडच्या लोकांप्रमाणेच त्यांचीही वस्ती हैदराबादच्या छत्राखाली. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास सहा निरनिराळ्या पंथपरंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली. परदेशातून आलेले भेद परदेशीयांबरोबर ठेवून आपले घर आपण बांधावे, हा १८५४ पासूनच्या प्रयत्नाचा एक टप्पा तेथे पुरा झाला.

आणि शिक्षणाचा जो धागा १८५४ नंतर तुटला होता, तो १९४७ साली नगरास जोडला गेला. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे ह्या मराठी ख्रिस्ती गृहस्थांनी अहमदनगर कॉलेज काढले. हार्वर्डला शिकून आलेल्या ह्या माणसाने ते आपल्या मंडळीपुरते ठेवले नाही. सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी दारे उघडी ठेवली. मिशनने एका काळी ज्या विद्येस कात्री लावली, ती विद्या एका मराठी ख्रिस्ती माणसाने सर्व समाजास परत केली.

श्रोतेहो, आता ह्या साऱ्याचा मेळ घालू. चांगल्या पाळकाचे गुण सांगताना वक्तृत्व, विद्वत्ता, शुद्ध आचरण ही नावे आपण सहज घेतो, आणि ती घ्यावीतच. पण वर सांगितलेल्या इतिहासातून चार गोष्टी अधिक खोल दिसतात. लोकांच्या पोटाच्या प्रश्नापासून त्याने दूर राहू नये, हे बेथेल सांगते. अधिकार देताना त्यासाठी लागणारी विद्याही द्यावी, हे नगर सांगते. वरिष्ठांपुढेही आपली विवेकबुद्धी गहाण टाकू नये, आणि आपल्या संस्थेची सीमा मात्र आरंभीच स्वच्छ सांगावी, हे रमाबाईंचे आयुष्य सांगते. लोकांच्या भाषेत बोलावे आणि त्यांच्या वेगाने थांबावे, हे टिळकांचे आयुष्य सांगते. आणि ह्या चारही गोष्टींची कसोटी एकच: पुढाऱ्यावाचून लोकांचे चालू लागले की नाही. मेंढपाळाच्या उपमेची मर्यादा येथेच आहे. मेंढरांना जन्मभर मेंढपाळ लागतो. माणसांचा पाळक मात्र असा असावा की, त्याच्या कळपातून उद्याचे पाळक निघावेत.

ही कसोटी केवळ चर्चसाठी नाही. मठ, फड, शिक्षणसंस्था, पतपेढी, साखर कारखाना, राजकीय पक्ष, ह्या सर्वांना ती लावून पाहता येईल. आपल्या जिल्ह्यात पुढाऱ्यांची उणीव कधीच नव्हती. परंतु एखादा पुढारी गेला की त्याच्याबरोबर त्याचे कामही का जाते, आणि एखाद्याचे काम त्याच्या मागे का वाढते, हा प्रश्न आपण आपापल्या गावच्या संस्थांकडे पाहून शांतपणे विचारावा. पाहावयाचे ते एवढेच की, त्याच्या भोवती जमणाऱ्या माणसांपैकी किती जणांना त्याने हिशेब पाहू दिला, किती जणांना आपल्याविरुद्ध बोलू दिले, आणि किती जणांना आपली जागा घेता येईल इतके शिकविले. त्या उत्तरावरून आपणांस पुढच्या पिढीचा अंदाज येईल.